खालचा सूर पकडा, बॉस!

थंडीचा सीझन म्हणजे लाइव्ह म्युझिकचा सीझन! ब्लूज, रॉक आणि थेट चारशे वर्षांपूर्वीचं संगीतसुद्धा. तिकीट काढण्याआधी ही एक युक्ती शिकून घ्या.

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की ऑफिसात दोन प्रकारच्या मेल्स सुरू होतात. पहिली एचआरची, उरलेल्या सुट्ट्या कधी घेताय? आणि दुसरी कुणा उत्साही प्राण्याची, गाइज, या गिगला कोण कोण येतंय? पहिलीला आपण उत्तर देत नाही. दुसरीला सगळे 'काउंट मी इन' म्हणतात आणि आयत्या वेळी निम्मे गळतात. कुणाची डेडलाइन, कुणाची सर्दी, कुणाच्या मावसबहिणीचं केळवण.

गळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं खरं कारण वेगळंच असतं. ते एकदा कॅन्टीनमध्ये हळूच सांगतात, "अगं, यायला आवडेल, पण मला त्यातलं काही कळत नाही. ब्लूजची सगळी गाणी मला एकसारखीच वाटतात. रॉक म्हणजे नुसता दणदणाट. आणि तू ते जुनं चर्चवालं काहीतरी ऐकतेस ना, तिथे तर टाळी कधी वाजवायची तेसुद्धा समजत नाही!"

तर मंडळी, आजचा कॉलम या सगळ्या 'कळत नाही' क्लबच्या मेंबरांसाठी. येत्या चार-पाच महिन्यांत मुंबई, पुणे, गोवा या पट्ट्यात ऐकण्यासारखं भरपूर असतं आणि ते ऐकायला म्युझिकची डिग्री लागत नाही. एकच युक्ती पुरते. वरचा गायक, गिटारवाला, व्हायोलिनवाली यांच्याकडे थोडा वेळ दुर्लक्ष करा आणि खालचा सूर ऐका. बास काय करतोय, ते पकडा. तो बहुतेक वेळा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत असतो.

आठवा, तबल्याचा सोलो. हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला तोच लेहरा तासभर वाजवत बसतो. त्याच्याकडे कुणी बघतही नाही. पण तो हलला, तर तबलजीचा सगळा डोलारा कोसळेल. ब्लूज, रॉक आणि युरोपातलं जुनं संगीत, तिन्ही ठिकाणी असा एक लेहरा लपलेला असतो. तो सापडला की काम फत्ते!

ब्लूज : तीन तीनतालांचा हिशेब

सुरुवात ब्लूजपासून, कारण इथे हिशेब सर्वांत सोपा. नेहमीच्या ब्लूजचा साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा. म्हणजे बारा चोक अठ्ठेचाळीस. आणि अठ्ठेचाळीस म्हणजे किती? बरोब्बर तीन तीनताल! पहिले चार बार घरच्या कॉर्डवर. मग दोन बार चौथ्या सुराच्या कॉर्डवर, दोन बार पुन्हा घरी. नवव्या बारला पाचव्या सुराची कॉर्ड, तिथे खरी ओढ लागते. दहाव्याला चौथ्यावर उतरायचं आणि शेवटच्या दोन बारांत घरी परत. थोडेफार बदल होतात, पण सांगाडा हाच. शब्दही त्याच मापाचे : एक ओळ, तीच ओळ पुन्हा आणि तिसरी ओळ म्हणजे त्याचं उत्तर. प्रत्येक ओळीनंतर गायक थांबतो आणि गिटार त्याला जबाब देते. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी उभे असतात ना, तोच प्रकार.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, बाबांनी मला मोजून दाखवलं. बाबा बँकेतून रिटायर झालेले, दादरला बरीच वर्षं तबला शिकलेले. आमच्या घरात संगीताच्या दोन खोल्या होत्या. हॉलमध्ये त्यांचा रेडिओ आणि आतल्या खोलीत माझे हेडफोन. मधलं दार बंद. काही वर्षांपूर्वी मैत्रीण ऐन वेळी गळली आणि तिच्या तिकिटावर मी बाबांना वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिव्हलला घेऊन गेले. पहिली वीस मिनिटं ते कानात बोटं घालून उभे. मग मांडीवर बोटं हलायला लागली. तिसऱ्या गाण्याला माझ्या कानाशी येऊन ओरडले, "अगं, अठ्ठेचाळीस मात्रा आहेत! सम इथे येते बघ." त्यांनी हात वर केला आणि त्याच क्षणी ड्रमरने झांज हाणली. बाबांचा चेहरा सवाईत पहिल्या रांगेत बसल्यासारखा! घरी येताना टॅक्सीत आम्ही दोघं जेवढं बोललो, तेवढं आदल्या वर्षभरात बोललो नसू.

त्यांना आणखी एक गोष्ट पटली. ब्लूजचा गंधार. तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. गिटारवाला बोटाने तार ओढून त्याला दोन्हींच्या मध्ये कुठेतरी धरून ठेवतो. पियानोच्या पट्ट्यांत तो सूर सापडत नाही. आपल्या कानांना मात्र मींड आणि श्रुती यांची सवय असते, त्यामुळे तो परका वाटत नाही.

आणि हे संगीत आलं कुठून? अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून. तिथले कृष्णवर्णीय मजूर पोटासाठी शिकागोला गेले आणि शहराच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोत आला, बडी गाय १९५७ मध्ये. घाटावरून आणि कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांनी आपली भजनं, शाहिरी आणि लावणी बरोबर आणली, ती गोष्ट आठवली की शिकागो फार लांब वाटत नाही.

मेहबूब स्टुडिओ १९५४ चा, मेहबूब खान यांनी उभारलेला. तिथे महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल २०११ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय आला. वय वर्षं ७४! गिटार घेऊन थेट प्रेक्षकांत शिरणं ही या माणसाची जुनी सवय. त्याच पहिल्या वर्षी शिलाँगचा सोलमेट हा बँडही होता. २००३ मध्ये सुरू झालेला आणि २००७ मध्ये मेम्फिसच्या इंटरनॅशनल ब्लूज चॅलेंजपर्यंत पोचलेला हा आपला बँड. टिप्रीती खारबांगरचा आवाज आणि रूडी वॉलांगची गिटार एकदा समोर उभं राहून ऐकाच.

रॉक : रिफवर उभा डोलारा

रॉक हे ब्लूजचंच पोर, फक्त वाढीच्या वयात जरा जास्त चिडलेलं. इथे बारा बारांच्या लांबलचक चक्राऐवजी छोटी, टोकदार ओळ असते. तिला म्हणतात रिफ. गिटार आणि बास दोघं मिळून ती ठोकत राहतात. आवाज कितीही मोठा असला, तरी रिफ एकदा डोक्यात बसली की दणदणाटाला आकार येतो. रिफ कधी थांबते, कधी बदलते आणि कधी परत येते, एवढंच बघा. ती परत येते तेव्हा हजारो माणसं एकदम उडी मारतात. ही रॉकची सम!

मुंबईचं आणि रॉकचं नातं जुनं आहे. लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये इथे आले, इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या छोट्या डिस्कोत चक्क वाजवलं. २००३ मध्ये ब्रेबॉर्नवर रोलिंग स्टोन्स, २००७ मध्ये बीकेसीत रॉजर वॉटर्स, २०१९ मध्ये नेरूळला डीवाय पाटीलवर यूटू. २०२५ च्या मे महिन्यात महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस आले तेव्हा ऐन उन्हाळ्याच्या घामाने सगळ्यांचे काळे टी-शर्ट अंगाला चिकटले होते.

पण या शहराचं खरं रॉक-घर होतं धोबीतलावचं रंगभवन. झेवियर्सच्या शेजारचं ते खुलं थिएटर. १९७८ मध्ये पहिल्या जॅझ यात्रेला सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेला. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक तिथेच गाजला. रॉक मशीन, म्हणजे नंतरचा इंडस क्रीड, तिथेच मोठा झाला. आजूबाजूला कॉलेज, कोर्ट, हॉस्पिटल्स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवनचा आवाज गेला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. कामा हॉस्पिटलमध्ये बाळंत झालेल्या बाईला ड्रम्स ऐकवण्यात काही शौर्य नाही. पण रंगभवनच्या बदल्यात शहराच्या मध्यावर, कॉलेजच्या पोरांना परवडेल अशी दुसरी खुली जागा कुणी दिली नाही, हेही तितकंच खरं.

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमधला ब्ल्यू फ्रॉग आठवतो? २००७ मध्ये उघडला. आठवड्यातल्या बहुतेक रात्री लाइव्ह म्युझिक. २०१६ मध्ये त्याचंही शटर खाली आलं. माझ्या पिढीच्या कित्येकांनी आयुष्यातली पहिली खरी गिग तिथे ऐकली. आता त्या वाटेने जाताना माझी मान आपोआप तिकडे वळते.

अर्ली म्युझिक : जुनं ते एकदम ताजं

आता त्या 'चर्चवाल्या' संगीताकडे. अर्ली म्युझिक म्हणजे युरोपातलं ढोबळमानाने १७५० पर्यंतचं संगीत. मध्ययुग, रेनेसाँ आणि बरोक. यात चर्चमधलं बरंच आहे, पण दरबारातलं, नाटकातलं, नाचाचं आणि दारूच्या गुत्त्यातलंही आहे. ते वाजवणारी मंडळी शक्यतो त्या काळची वाद्यं वापरतात. व्हायोलिनला स्टीलऐवजी आतड्याच्या तारा, पियानोऐवजी हार्प्सिकॉर्ड. हार्प्सिकॉर्डमध्ये पट्टी दाबली की आतली एक छोटी नखी तार छेडते. सतारीच्या मिजराफीचा चुलतभाऊच म्हणा ना! पट्टीही बहुधा खालची. आजचा 'ए' हा सूर ४४० कंपनांचा, बरोकवाले तो साधारण ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. त्यामुळे आवाज मऊ आणि जवळचा लागतो. मोठ्याने ओरडून सांगण्यापेक्षा शेजारी बसून सांगितल्यासारखा.

आणि इथेही तोच लेहरा! या काळात एकच बास पुन्हा पुन्हा वाजवत ठेवून वर दर वेळी नवीन काही गुंफायचं, हा लाडका खेळ होता. पाखेलबेलचा 'कॅनन' तुम्ही लग्नांच्या व्हिडिओंपासून हॉटेलांच्या लॉबीपर्यंत सगळीकडे ऐकलाय. त्यातला बास म्हणजे फक्त आठ सूर, जे २८ वेळा येतात. बिचाऱ्या चेलोवाल्याला दुसरं कामच नाही! १६८९ च्या सुमाराच्या पर्सेलच्या 'डायडो अँड ईनियस' या ऑपेरात राणी मरताना गाते, तेव्हा खाली बास अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत राहतो. संपला की पुन्हा वरून उतरतो. राणीची ओळ मात्र बऱ्याचदा त्या चक्राच्या आधी-मागे सुटत जाते. पोटात खड्डा पडतो ऐकताना.

आता 'स्टेअरवे टू हेवन' काढा. १९७१. सुरुवातीची गिटार नीट ऐका. खालचा सूर काय करतोय? अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरतोय. पर्सेलनंतर दोनशे ऐंशी वर्षांनी, तोच जिना!

एवढंच नाही, बरोक वादकांना भरपूर मोकळीकही असे. हार्प्सिकॉर्डवाल्यासमोर बऱ्याचदा फक्त बासची ओळ आणि काही आकडे लिहिलेले असत, मधली भर त्याने जागेवर घालायची. गायकाने मुखडा परत घेतला की हरकती, मुरक्या जोडायच्या. नोटेशन बघून वाजवणारे लोक कोरडे असतात असं वाटणाऱ्यांनी एकदा हे ऐकावं.

रॉकवाल्यांना हे नातं चांगलं ठाऊक आहे. डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर १९९७ मध्ये रॉक बाजूला ठेवून रेनेसाँच्या वळणाची गाणी करायला लागला. स्टिंगने २००६ मध्ये जॉन डाउलंड या शेक्सपिअरकालीन संगीतकाराच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, ल्यूटच्या साथीने. हाच स्टिंग जानेवारी २०२४ मध्ये महालक्ष्मीला लोलापलूझात बास गिटार घेऊन उभा होता. बघा, बासवालाच सापडला!

आपल्याकडे हे संगीत ऐकायचं तर गोव्याला पर्याय नाही. तिथे पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि सोल्फा शिकवत. त्याच परंपरेतून अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे लोक मुंबईत आले आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांना ऑर्केस्ट्रा मिळाला. म्हणजे बरोक तुमच्या कानावर आधीच पडलेलं आहे, शंकर-जयकिशनच्या गाण्यांतल्या व्हायोलिन्समधून. ओल्ड गोव्याच्या टेकडीवर कापेला दो मोंत हे जुनं चॅपल आहे. तिथे माइकशिवाय एक व्हायोलिन वाजलं, तरी भिंती त्याला साथ देतात.

डायरीत नोंदवा

डिसेंबर : पुण्यात सवाई, १९५३ पासूनची परंपरा. आजच्या विषयाबाहेरचा आहे, पण तासन् तास बसून ऐकण्याचा रियाझ इथेच होतो. मुंबईत नाताळच्या सुमारास कॉयर्सचे कार्यक्रम असतात. हँडेलच्या 'मसाया'तलं काही कानावर पडलं तर समजा, १७४१ चं संगीत फुकटात किंवा अगदी कमी पैशांत ऐकलंत.

जानेवारी ते मार्च : लोलापलूझा २०२३ पासून याच काळात मुंबईत भरत आलाय. बातम्या हेडलाइनरच्या होतात, पण दुपारी छोट्या स्टेजवर वाजवणारे आपले बँड चुकवू नका. गर्दी कमी आणि बासचा आवाज स्वच्छ.

फेब्रुवारी : मेहबूबला ब्लूज. शेवटच्या रात्री सगळे कलाकार एकत्र येऊन जॅम करतात, तेव्हा लवकर निघायचा विचारही करू नका. ओल्ड गोव्यात मोंत म्युझिक फेस्टिव्हल बहुधा याच महिन्यात, उघड्या आभाळाखाली आणि चॅपलमध्ये. तारखा आधी बघा, मगच तत्कालचं रिझर्व्हेशन!

वर्षभर : नरिमन पॉइंटला एनसीपीए. १९८० चं टाटा थिएटर माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावं अशा बेताने बांधलेलं आहे. चेंबर म्युझिकच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. ऑपेरा हाउस १९९३ ते २०१६ बंद होतं, आता पुन्हा उघडं आहे. परदेशी सांस्कृतिक केंद्रांच्या वेबसाइट्सही चाळत राहा. युरोपातली बरोक मंडळी अनेकदा त्यांच्यामार्फत येतात.

काही घरगुती टिप्स : मोठ्या आवाजाच्या गिगला इअरप्लग न्या, केमिस्टकडे मिळतात आणि बास त्यातूनही ऐकू येतो. उभं राहायचं असेल तर नवे शूज नकोत. एनसीपीएला उशीर केलात तर मधल्या ब्रेकपर्यंत दाराबाहेर, सीईओ असलात तरी. बरोकमध्ये दोन भागांच्या मध्ये शांतता असते, ती राहू द्या. आतड्याच्या तारा दमट हवेत सारख्या उतरतात, म्हणून वादक मधून मधून सूर लावत बसतात. तो कार्यक्रमाचा भाग नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकरांच्या नुसत्या जुळवाजुळवीला टाळ्या पडल्या होत्या. आपण तेवढा बदला घ्यायचं कारण नाही. आणि उघड्यावरचे कार्यक्रम सहसा रात्री दहाला संपतात, म्हणजे शेवटच्या लोकलचं टेन्शन नाही.

'पास आहे का?'

शेवटी एक कडू गोळी. आपल्याकडे पाच हजारांचं जेवण आपण न विचारता ऑर्डर करतो आणि पाचशेच्या तिकिटाला विचारतो, "पास आहे का?" स्टेडियम भरायला माणसं मिळतात. तिथला फोटो स्टेटसला छान दिसतो. पण दीडशे खुर्च्यांच्या खोलीत मंगळवारी रात्री एखादा बँड वाजवत असतो, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या आणि उरलेल्यांपैकी निम्मे लोक बँडवर मात करत अप्रेझलविषयी बोलत असतात. त्या बँडमधला बासवाला दिवसा आपल्यासारखीच नोकरी करतो, रात्री स्वतःचं अवजड ॲम्प स्वतः उचलून आणतो. भाडं थकलं की अशा खोल्या बंद पडतात. मोर्चा निघत नाही, अग्रलेख येत नाही. एक दिवस तिथे शोरूम उघडते, झालं.

म्हणून या सीझनला एक हिशेब ठेवा. एक मोठा शो आणि त्याच्या जोडीला तीन छोटे, तिकीट काढून. आणि दोन तिकिटं काढा. दुसरं अशा माणसासाठी, ज्याचं आणि तुमचं संगीत जुळत नाही असं तुम्हाला वाटतं. आई, बाबा, शेजारच्या क्यूबिकलमधला तो तलतप्रेमी. त्याला फक्त सांगा, खालचा सूर ऐक. बाबा आता सत्तरी ओलांडून गेलेत, गुडघे कुरकुरतात, उभं राहणं जमत नाही. म्हणून या वर्षी मी त्यांच्यासाठी खुर्ची असलेलं काहीतरी शोधतेय, शक्यतो हार्प्सिकॉर्डवालं. मात्रा मोजायचं काम त्यांच्याकडे.

तुम्ही दिसलात तर हाय म्हणा. फक्त दोन गाण्यांच्या मध्ये, प्लीज!